कडी कुठल्या बाजूला

"पण कडी त्या आतून लावायच्या की बाहेरून?" आत्यानं विचारलं तेव्हा मी मोबाइलवर गाडीची वेळ बघत होते. बेल्जियममधल्या ब्रुज गावातल्या त्या तीन कमानींच्या दगडी पुलावर आम्ही दोघी उभ्या होतो. खाली कालव्यात हंस, मागं बेगीनांची, म्हणजे लग्न न करता आणि जोगीणही न होता एकत्र राहणाऱ्या बायांची, जुनी वस्ती. साडेसहाला तिचं मुख्य दार बंद होतं, म्हणून आत रेंगाळणाऱ्या सगळ्यांना हळूहळू बाहेर काढलं होतं. एप्रिल महिना, बाहेर लख्ख ऊन. "उजेडातच दार लावतात?" असं ती आधी म्हणाली. मग दाराची जड फळी सरकत आली, मधली फट बारीक होत होत मिटली आणि तिनं तो कडीचा प्रश्न विचारला. मी म्हटलं, "काय फरक पडतो आत्या, दार ते दार. चल, गाडी चुकेल." ती लगेच चालायला लागली. ब्रसेल्सपर्यंतच्या तासाभरात तिनं तो विषय पुन्हा काढला नाही. मला मात्र तो प्रश्न काट्यासारखा रुतून राहिला. आत्या तशी प्रश्न विचारणारी बाई नाही. सहा आठवडे माझ्याकडे राहिली, एवढी चर्च, एवढे राजवाडे पाहिले, सगळीकडे "छान आहे गं" म्हणाली आणि पुढं गेली. विचारलं ते एवढंच, आणि मी तिला घाई केली.

त्या दिवशी दुपारी आम्ही आत बराच वेळ होतो. एका मोठ्या हिरवळीभोवती पांढरी घरं, हिरवळीवर उंच, थोडी कललेली झाडं आणि त्यांच्या बुंध्यांशी डॅफोडिलची पिवळी फुलं. बाहेर गावभर घोडागाड्यांच्या टापा आणि वॉफलचा गोड वास. दाराच्या आत आलं की दोन्ही एकदम मागं पडतात. शांतता राखा अशी पाटी आहे, पण पाटी नसती तरी माणसं हळूच बोलली असती असं वाटतं. ही वस्ती १२४५ सालची. आत्ताची घरं पुष्कळ नंतरची आहेत. जुनं चर्च १५८४ मध्ये जळालं, आजचं १६०५ चं. दार १७७६ चं, आणि त्यावर 'सोव्हगार्ड' हा शब्द कोरलेला आहे. संरक्षण, अभय. बेगीन आता इथं कुणी नाही. १९२७ पासून बेनेडिक्टिन जोगिणी राहतात.

दाराशेजारच्या एका घरात छोटं संग्रहालय केलंय. बुटकं दार, थंड फरशी, लेस विणायची उशी, मागं विहीर असलेलं एवढंसं अंगण. आणि एक फडताळ. उंच, अरुंद, ओकच्या काळ्या पडलेल्या लाकडाचं. एका कप्प्यात भांडी ठेवायची, एकात खाण्याचे जिन्नस, आणि मधे एक फळी. ती ओढली की पुढं येते आणि तिचंच जेवायचं टेबल होतं. बाई त्या फळीशी बसून एकटी जेवायची, जेवण झालं की फळी आत आणि दार बंद. एका बाईची मांडणी, कोठी आणि पाट असं सगळं मिळून एक लाकूड. आत्या त्याच्यापुढं किती वेळ उभी होती कोण जाणे. मी पुढच्या खोलीत जाऊन परत आले तरी ती तिथंच होती. मी म्हटलं, फोटो काढू का? ती फडताळाशेजारी उभी राहिली, हात मागं बांधून, शाळेच्या फोटोत उभं राहतात तशी.

आत्याचं लग्न झालं नाही. आधी पत्रिका जुळेनात, मग आजोबा गेले, मग दोन धाकट्या भावांची शिक्षणं, आणि मग वय. कुणी ठरवून तिचं वाईट केलं नाही, हे मला लिहायलाच हवं. साताऱ्याच्या आमच्या घरात तिच्याशिवाय पान हलत नसे. सरकारी कचेरीत तिनं २९ वर्षं नोकरी केली आणि पगार घरात दिला. माझ्या कॉलेजची फीसुद्धा त्यातलीच. पण त्या घरात तिला खोली नव्हती. ती माजघरात झोपायची, आणि स्वयंपाकघरात पाणी प्यायला जाणाऱ्या प्रत्येकाचा रस्ता तिच्या अंथरुणावरून जायचा. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती वळकटी जिन्याखाली सारायची, म्हणजे ती तिथं झोपली होती याची खूणही दिवसा राहायची नाही. जिन्याखालीच तिची पत्र्याची ट्रंक होती. ट्रंकेला कुलूप नव्हतं. कशाला असेल, घरात परकं कोण होतं? आम्ही मुलं गोळ्या-चॉकलेटं शोधायला ती खुशाल उघडायचो. मी ९ वर्षांची असताना मला तिच्यात एक पत्र सापडलं, मैत्रिणीला लिहिलेलं आणि न पाठवलेलं. रात्री सगळे जेवायला बसले असताना मी ते नाट्यछटेसारखं मोठ्यानं वाचून दाखवलं. सगळे हसले. आत्याही हसली आणि आमटी वाढत राहिली. पत्रात काय होतं ते मी इथं लिहिणार नाही. त्यानंतर त्या ट्रंकेत कागद कधीच दिसले नाहीत.

ब्रुजहून परतल्यावर मी वाचायला लागले. प्रश्न तिचा होता, पण आता तो माझ्या मागं लागला होता.

युरोपातल्या त्या काळाचं माझ्या डोक्यातलं चित्र सरधोपट होतं. बाई एकतर नवऱ्याच्या घरात किंवा मठात; तिसरं घर नाही. बेगीन हे ते तिसरं घर होतं. बाराव्या शतकाच्या शेवटी आत्ताच्या बेल्जियमच्या भागात अशा बाया दिसायला लागल्या. लग्न करायचं नाही, पण जोगीणही व्हायचं नाही. आयुष्यभराची शपथ नाही. वस्तीत राहीन तोवर ब्रह्मचर्य पाळीन आणि तिथल्या प्रमुख बाईचं ऐकेन, एवढंच वचन. स्वतःची मिळकत स्वतःकडे ठेवता यायची. मन बदललं तर बाहेर पडून लग्नही करता यायचं. पोटासाठी लोकर धुवायच्या, पिंजायच्या, सूत कातायच्या. आजाऱ्यांची शुश्रूषा करायच्या, मुलींना शिकवायच्या, कुणी मरणपंथाला लागलं की उशाशी बसून प्रार्थना म्हणायच्या. फ्लँडर्सची, म्हणजे ब्रुज-गेंटकडच्या मुलखाची, शहरं तेव्हा इंग्लंडहून येणाऱ्या लोकरीवर आणि तिच्या कापडावर श्रीमंत होत होती, आणि त्या कापडामागं असे हजारो हात होते. वान्यीची मारी ही या बायांमधली पहिली मोठी स्त्री. ती १२१३ मध्ये गेली. तिचं चरित्र लिहिणाऱ्या जाक द व्हित्री या धर्मोपदेशकानं १२१६ मध्ये पोप होनोरियस तिसरा याच्याकडून या बायांना एकत्र राहायची परवानगी मिळवली. परवानगी तोंडी होती. हातात कागद नाही, नियमांचं पुस्तक नाही, संस्थापक म्हणून दाखवायला कुणी संतपुरुष नाही. पुढच्या सगळ्या दुःखाचं मूळ मला त्या तोंडी शब्दात दिसतं.

या वस्त्यांना जमीन आणि आसरा देणाऱ्या दोघी बहिणी होत्या, फ्लँडर्सच्या काउंटेस योहाना आणि मार्गारेट. बाप धर्मयुद्धाला गेला, १२०४ मध्ये कॉन्स्टँटिनोपलचा सम्राट झाला आणि वर्षभरात नाहीसा झाला. आई त्याच्या मागोमाग निघाली ती वाटेत रोगानं गेली. दोन पोरक्या मुली फ्रान्सच्या राजाच्या ताब्यात वाढल्या. मार्गारेटचं लग्न तर दहाव्या वर्षीच लागलं. आपल्या दैवाचा निर्णय दुसऱ्यांच्या दिवाणखान्यात होतो म्हणजे काय, हे त्यांना चांगलंच ठाऊक असणार. गेंटची मोठी वस्ती त्यांचीच, आणि ब्रुजच्या वस्तीमागंही मार्गारेट उभी होती.

१३२८ सालचं गेंटमधलं एक निवेदन आहे. बिशपची माणसं या बायांची चौकशी करायला आली, तेव्हा त्यांच्या बाजूनं लिहून दिलेलं. वस्ती का सुरू झाली ते त्यात सांगितलंय: या मुलखात बाया फार, त्यांच्या घराण्याला शोभतील अशी लग्नं जमत नव्हती, आणि मठात जावं तर एक गर्दी आणि दुसरं म्हणजे आईबापांची गरिबी, कारण मठातही मुलीबरोबर काहीतरी द्यावंच लागायचं. हुंड्याचं हे गणित मला कुणी समजावून द्यायला नको होतं. पण पुढचं वाक्य वाचून मी लॅपटॉप मिटला. त्यात म्हटलंय की यांतल्या पुष्कळ जणी इतक्या गरीब आहेत की अंगावरचे कपडे, एक बिछाना आणि एक पेटी यापलीकडे त्यांचं काही नाही, तरी त्या कुणावर भार नाहीत. शहरातून आलेली लोकर धुऊन, कापड स्वच्छ करून त्या आपल्यापुरतं रोज मिळवतात.

कपडे, बिछाना, पेटी. कुणावर भार नाही.

आत्याचं एक वाक्य आहे, प्रत्येक आजारपणात म्हणायची, अजूनही म्हणते: "मी कुणाला जड नाही ना झाले?" माझी खात्री आहे की त्या निवेदनामागच्या बायांनाही असंच म्हणायची सवय असणार. स्वतःच्या कमाईवर जगणाऱ्या बाईनंच नेमकी ही खात्री का मागत राहायची? माझ्या काकांना कधी कुणी विचारताना मी ऐकलं नाही, तुम्ही घराला जड आहात का म्हणून.

तर कडी. तेच निवेदन सांगतं की रात्री शहरात राहायचं असेल तर प्रमुख बाईची परवानगी लागे. दिवसा थोडा वेळ बाहेर जायचं तरी सांगून जायचं. सायंकाळी दार बंद होई. दार बाई लावायची, किल्ली बायांकडे, प्रमुखही त्यांच्यातलीच. म्हणजे आत्याच्या प्रश्नाचं उत्तर आतून असंच आहे, आणि पहिल्यांदा हे कळलं तेव्हा मला फार आनंद झाला होता, तिला लगेच फोन करावा असं वाटलं होतं. पण मी फोन केला नाही, कारण वाचता वाचता तो आनंद गढूळ होत गेला. पापनिवेदन ऐकायला पुरुष धर्मगुरू लागायचाच. चौकशीला येणारी माणसं बाहेरून यायची. ब्रुजच्या दारावरचं ते 'अभय' कुणाचं? १२९९ मध्ये फ्रान्सचा राजा फिलिप चौथा यानं ही वस्ती थेट आपल्या छत्राखाली घेतली होती.

आणि हाच तो फिलिप, ज्याच्या पॅरिसमध्ये ११ वर्षांनी मार्गरीत पोरेतला जाळलं.

मार्गरीत एनो प्रांतातली, व्हॅलेन्सिएनकडची. खटल्याच्या कागदांत तिला बेगीन म्हटलंय. तिनं एक पुस्तक लिहिलं, 'साध्या आत्म्यांचा आरसा'. लॅटिनमध्ये नव्हे, लोक बोलायचे त्या फ्रेंचमध्ये. त्यात प्रीती, बुद्धी आणि आत्मा या तिघीजणी बोलत बसल्या आहेत. त्या भाषेत तिन्ही शब्द स्त्रीलिंगी, त्यामुळं पुस्तकभर बायकांचाच संवाद चालतो. बुद्धी पुन्हा पुन्हा विचारते, हे कसं शक्य आहे? प्रीती समजावते. शेवटी बुद्धी ते ऐकून जागच्या जागी मरते. प्रेमात स्वतःला पुरतं पुसून टाकलेल्या आत्म्याला मग नियमांची, सद्गुणांच्या चाकरीचीही गरज उरत नाही, असं तिचं म्हणणं. व्हॅलेन्सिएनमध्ये बिशपनं तिच्यादेखत पुस्तक जाळलं आणि पुन्हा पसरवू नको म्हणून बजावलं. तिनं पसरवलं. मोठमोठ्या विद्वानांना वाचायला दिलं. पॅरिसचा धर्मपंडित फाँतेनचा गोदफ्रुआ यानं त्याबद्दल बरं मत दिलं होतं. १३०८ मध्ये तिला धरलं. सुमारे दीड वर्ष ती कैदेत होती. प्रश्न विचारण्याआधी शपथ घ्यावी लागे; तिनं शपथ घेतली नाही, आणि एकाही प्रश्नाला उत्तर दिलं नाही. २१ धर्मपंडितांनी पुस्तकातून वेगळे काढलेले उतारे पाखंड ठरवले. १ जून १३१० ला प्लास द ग्रेव्ह या चौकात तिला जिवंत जाळलं. तिचा तिरस्कार करणाऱ्या बखरकारानंही लिहून ठेवलंय की तिची शेवटची शांत मुद्रा पाहून जमलेल्या लोकांना रडू आलं.

मी त्या दीड वर्षाच्या मौनाचा पुष्कळ विचार केला. बोलायला येत होतं, लिहायला येत होतं, पंडितांना निरुत्तर करील अशी बुद्धी होती, आणि ती गप्प बसली. तिचं लिहिलेलं मोडूनतोडून, संदर्भ काढून, भरल्या सभेत वाचून दाखवलं गेलं. ती ऐकत होती का नव्हती कुणास ठाऊक. हे लिहिताना माझा हात थांबतो. मी ९ वर्षांची होते, खरंच काही कळत नव्हतं, आणि जेवणाची पंगत म्हणजे धर्मसभा नव्हे. तरीही ते हसू मला ऐकू येतं, आणि आत्याच्या हातातला आमटीचा डाव दिसतो.

मार्गरीतच्या पुस्तकात एके ठिकाणी ती म्हणते की मी चुकते असं बेगीनच म्हणतात, धर्मगुरूही म्हणतात, उपदेशकही. म्हणजे भिंतीतल्या बायांनाही ती आपली वाटत नव्हती. तिला जाळल्यावर पुढच्याच वर्षी, १३११-१२ मध्ये, फ्रान्समधल्या व्हिएन गावी धर्मसभा भरली आणि तिनं बेगीनांच्या जगण्यावरच बंदी घातली. कारण असं की काही बाया परमेश्वराच्या स्वरूपावर वाद घालतात, प्रवचनं करतात. त्याच हुकमाच्या शेवटी, घरात राहून देवाची सेवा करू इच्छिणाऱ्या सालस बायांना मात्र हरकत नाही, अशी पळवाट ठेवली. १३१७ मध्ये हुकूम लागू झाला आणि ऱ्हाइनकाठच्या शहरांत कितीतरी बायांची घरं उठली. फ्लँडर्सच्या वस्त्या वाचल्या. चौकशीला आलेल्यांना काय दिसलं? उंच भिंत, वेळेवर बंद होणारं दार, माना खाली घालून लोकर धुणाऱ्या बाया. गेंटचं ते निवेदन याच चौकशांपैकी एका चौकशीसाठी लिहिलेलं आहे. आता ते पुन्हा वाचताना त्यातली धडधड ऐकू येते. आम्ही गरीब आहोत, आम्ही कष्ट करतो, आम्ही विचारल्याशिवाय बाहेर जात नाही, आम्ही कुणावर भार नाही. जीव वाचवण्यासाठी लिहिलेली वाक्यं आहेत ती. कडी त्यांच्याच हातात होती, पण किती वाजता लावायची हे भिंतीपलीकडची भीती ठरवत होती. यात मी कुणाच्या बाजूनं उभं राहावं ते मला अजून ठरवता आलेलं नाही. मार्गरीतपुढं मान लवते. पण सहाशे-सातशे वर्षं टिकल्या त्या कडी लावणाऱ्याच, आणि त्यांना भित्र्या म्हणायला माझी जीभ रेटत नाही. आत्या कधी भांडली असती तर मी कॉलेजात गेले असते का?

मार्गरीतचं पुस्तक मात्र मेलं नाही. नाव गळून पडलं, आणि निनावी होऊन ते मठामठांतून फिरलं, लॅटिनमध्ये, इटालियनमध्ये, इंग्रजीत उतरलं. ज्यांनी तिला जाळणं योग्यच मानलं असतं, त्यांनीही ते भक्तीनं वाचलं असेल. १९४६ मध्ये रोमाना ग्वार्निएरी या इटालियन विदुषीनं ओळखलं की हे तेच पुस्तक. ६३६ वर्षांनी बाईचं नाव बाईच्या लिखाणाला परत मिळालं.

शेवटची बेगीन मार्सेला पत्तैन १४ एप्रिल २०१३ ला कोर्ट्रैक गावात गेली, ९२ वर्षांची होऊन. जन्म काँगोमधला, डोळ्यांनी जवळजवळ अधू. १९४१ मध्ये ती गेंटच्या वस्तीत आली आणि १९६० मध्ये कोर्ट्रैकला. ती आजाऱ्यांपुढं अकॉर्डियन आणि बँजो वाजवायची, विणकाम करायची. बातमी आली तेव्हा मी ब्रसेल्समध्येच होते, कोर्ट्रैक इथून गाडीनं दीडेक तासावर, आणि मला पत्ताच नव्हता.

गेल्या रविवारी अखेर मी साताऱ्याला फोन केला आणि आत्याला सगळं सांगितलं. तोंडी परवानगी, दोघी बहिणी, मार्गरीत. सालं ऐकून ती म्हणाली, "म्हणजे आपली ज्ञानेश्वरी झाली त्याच सुमारास." मी म्हटलं हो, १२९०, वीस वर्षांचा फरक. मग मी म्हटलं, "तू विचारलं होतंस ना, कडी? आतून होती आत्या. किल्ली बायांकडेच असायची." ती थोडा वेळ बोलली नाही. मागं कुकरची शिट्टी झाली, कुणीतरी तिला हाक मारली, तिनं "आले" म्हटलं. मला ते पत्राचं बोलायचं होतं. एवढ्या वर्षांत कधी बोलले नव्हते आणि आता तोंडाशी आलं होतं. तेवढ्यात तीच म्हणाली, "ते फडताळ मात्र फार सोयीचं होतं. जिन्याखाली बसेल का गं तेवढं? किती उंच असेल?"

मी फोटो उघडला. फडताळ आणि त्याच्याशेजारी आत्या, हात मागं बांधून. फडताळाची उंची कुठं लिहिलेली नव्हती, पण तिच्या उंचीवरून हिशेब करता आला असता. तेव्हा लक्षात आलं की मला तिची उंची माहीत नाही.

"आत्या," मी म्हटलं, "तुझी उंची किती?"